एक तास अडतीस मिनिटं

पायलट आजवर एकदाही विमानात बसला नव्हता. म्हणूनच तर ऑफिसातल्यांनी त्याचं नाव पायलट ठेवलं होतं.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची एक लांबट खोली. चार टेबलं, चार कॉम्प्युटर, एक पंखा, आणि तोही सरांच्या डोक्यावर. काम काय, तर दोन शहरांमधलं विमानाचं अंतर किती आणि जायला वेळ किती, याची इंटरनेटवर टाकायची पानं बनवायची. या शहरापासून त्या शहरापर्यंत एक पान, त्याच शहरापासून तिसऱ्यापर्यंत दुसरं. जगात शहरं किती आणि त्यांच्या जोड्या किती, बसा मोजत. पायलटनं तीन वर्षांत अकरा हजार पानं पाडली होती.

पाडली हाच शब्द बरोबर. लिहायचं असं त्यात काही नव्हतंच. एक शीट होती, तिच्यात प्रत्येक शहर नकाशावर कुठे बसतं त्याचे आकडे. दोन शहरं निवडली की शीट त्यांच्यामध्ये सरळ रेघ मारायची आणि किलोमीटर सांगायची. त्याला आठशेनं भागायचं, कारण विमान तासाला आठशे जातं असं सरांनी धरलं होतं. वर अर्धा तास चढउताराचा. झाली वेळ तयार. त्या रेघेवरून खरंच एखादं विमान जातं का, यासाठी शीटमध्ये रकानाच नव्हता.

आधी प्रत्येक पानाच्या तळाला एक ओळ असायची. 'या मार्गावर थेट विमान असेलच असं नाही, निघण्याआधी खात्री करून घ्या.' ही ओळ सरांच्या डोळ्यांत सलायची.

"आपणच सांगायचं की आम्हाला माहीत नाही? अरे, वाचणारा पळतो ना तिथून."

"पण सर, आपल्याला खरंच माहीत नाहीये," कॉमा म्हणाली. कॉमा म्हणजे पानं तपासणारी मुलगी. शेजारच्या टेबलावर बसायची आणि कुणाचं काही पोटात ठेवायची नाही.

"नाही माहीत तर नाही. गावभर सांगत का सुटायचं?"

पायलटनं एका दुपारी, चहा गार व्हायच्या आत, ती ओळ अकरा हजार पानांवरून उडवली. एका बटणात. सरांनी पाठ थोपटली. त्या दिवशी त्याला वाटलं, आपल्याला हे काम जमतं बुवा.

आता ताईचं सांगतो.

ताई पायलटपेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, अजून त्याला छोट्या म्हणते. घरी पडदे शिवायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत पिवळेपणा आला, मग अंगाला खाज सुटली, मग पोटात पाणी व्हायला लागलं. लिव्हर गेलं होतं. शरीरानंच स्वतःच्या लिव्हरशी वैर धरलं होतं म्हणे. लोक तोंड वाकडं करून विचारायचे, घेत होती का काही? ताई म्हणायची, "हो ना, रोज रात्री दोन पडदे शिवले की एक बाटली."

दुसऱ्याचं लिव्हर बसवल्याशिवाय सुटका नव्हती. पायलटचा रक्तगट जुळेना. भाऊजींचा जुळला, पण त्यांच्याच लिव्हरवर चरबी निघाली. मग एकच रस्ता उरला. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलच्या यादीत नाव घालायचं आणि कुणीतरी अनोळखी माणूस मरण्याची वाट बघायची.

ते शहर आगगाडीनं सतरा तासांवर. हॉस्पिटलची कोऑर्डिनेटर बाई फोनवर म्हणाली, "आमचा फोन आल्यापासून सहा तासांच्या आत पेशंट इथे हवा. लिव्हर काढल्यावर थांबत नाही कुणासाठी. लांबचे लोक इथे जवळच खोली घेऊन राहतात. तुम्हीपण तेच करा."

ताईला ते नको होतं. मुलगी चौथीत. तिला सोडून किंवा शाळेतून काढून, अनोळखी शहरातल्या एका खोलीत फोनकडे बघत किती महिने काढायचे?

"तिथे बसून मरायचं असेल तर मी घरीच मरते," ती म्हणाली. "घरचा पंखा तरी नीट फिरतो."

त्या रात्री भाऊजींनी पायलटला बोलावलं. हे विशेष होतं. भाऊजी बसडेपोत टाइमकीपर, पंचवीस वर्षं. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती मिनिटं उशिरा आली, सगळं त्यांच्या बोटांवर. पायलट त्यांच्या लेखी रिकामटेकडा. दिवसभर खुर्चीत बसतो आणि त्याला काम म्हणतो. त्यांनी त्याला आजवर कधी काही विचारलं नव्हतं. पाणी हवं का हेसुद्धा.

"तुमच्या त्या पानांवर हे असेल ना?" भाऊजी म्हणाले. "इथून तिथे विमानाला किती लागतं?"

पायलटची छाती वीतभर फुगली. त्यानं फोन काढला आणि पान उघडलं. आपलंच. आपलं शहर म्हणून त्यात त्यानं दोन ओळी जास्तीच्या घातल्या होत्या, सकाळी निघा, दुपारच्या आत पोचा, वगैरे.

"नऊशे बारा किलोमीटर. एक तास अडतीस मिनिटं."

"रोज आहे ना?"

"विमानतळ आहे म्हणजे असणारच की, भाऊजी."

हे तो बोलला. नंतर त्यानं ते वाक्य मनातल्या मनात इतक्या वेळा ऐकलं, की त्यातला आवाज आपला आहे हेच त्याला पटेना.

भाऊजींनीही पुढे विचारलं नाही. विचारतील कसे? त्यांच्या डेपोत बोर्डावर वेळ लिहिली म्हणजे तिच्यामागे गाडी उभी असते. गाडी बंद झाली की ते स्वतः शिडीवर चढून वेळ पुसतात. लिहिलेली वेळ आहे आणि गाडीच नाही, असं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी कागद घेतला आणि हिशेब मांडला. घर ते विमानतळ चाळीस मिनिटं. तिथे एक तास. विमान एक तास अडतीस. तिथून हॉस्पिटल पंचेचाळीस मिनिटं. पुढच्या आठवड्यात ताईला घेऊन नाव घालायला गेले, तेव्हा हॉस्पिटलच्या फॉर्मवर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, चार तास तीन मिनिटं.

कोऑर्डिनेटर बाई हसली होती म्हणे. "तीन मिनिटंसुद्धा?"

"तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं," भाऊजी म्हणाले होते.

आणि दोघं आगगाडीनं घरी परत आले. खोली घेतली नाही.

आठ महिने फोन आला नाही. ताईचे पाय सुजले, चेहरा आत गेला, पडदे बंद झाले. मधे तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता दोन महिने, फार तर तीन. भाऊजी रात्री फोन उशाखाली घेऊन झोपायचे, आणि दिवसा दर तासाला रेंज आहे का बघायचे.

फोन आला मंगळवारी सकाळी अकरा वीसला.

अकरा पंचवीसला पायलटचा फोन वाजला. "लिव्हर मिळालंय," भाऊजी म्हणाले. आवाज धापा टाकत होता, बहुतेक जिना चढत असावेत. "पाच वीसच्या आत पोचायचंय. तीन तिकिटं काढ, तू चल बरोबर. हिला काही खायला प्यायला द्यायचं नाहीये, पाणीसुद्धा नाही. मी घरी निघालो. काढ लवकर."

"काढतो," पायलट म्हणाला. त्यानं कॉमाला सांगितलं, ती टाळ्या वाजवत उभीच राहिली. मग त्यानं तिकिटांची साइट उघडली. इथून, तिथे, आज, तीन माणसं.

एकच ओळ आली. दुपारी चार चाळीसला निघायचं, तिसऱ्याच शहरात जायचं, तिथे रात्र काढायची, आणि उद्या सकाळी दहा दहाला पोचायचं.

त्याला वाटलं काहीतरी चुकलं. तारीख पुन्हा घातली. शहराचं नाव पुन्हा घातलं. दुसरी साइट उघडली, मग तिसरी. सगळीकडे तेच. त्यांच्या विमानतळावरून दिवसाला एकच विमान सुटत होतं, चार चाळीसचं, आणि ते तिकडे जातच नव्हतं. कधी गेलंही नव्हतं.

"काय रे?" कॉमा त्याच्या खांद्यावरून वाकली. तिनं पडद्यावर बघितलं. मग त्याच्याकडे. आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.

विचार करायला वेळ नव्हता, हे एक बरं होतं. कॉमानंच खुर्ची ओढली. "आजूबाजूचं विमानतळ बघ. मोठं. चल, बघ." दोघांनी शोधलं. दोनशे तीस किलोमीटरवर एक मोठं शहर होतं. तिथून चार दहाचं विमान, पाच पस्तीसला उतरायचं. काउंटर तीन पंचवीसला बंद. जागा होत्या.

पाच पस्तीस, अधिक पंचेचाळीस मिनिटं. सहा वीस. एक तास उशीर.

त्यानं तिकिटं काढली आणि भाऊजींना फोन लावला. पलीकडे भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे गाडीनं दोनशे तीस."

"हो."

"उस्तादला सांगतो."

उस्ताद म्हणजे डेपोतून रिटायर झालेला ड्रायव्हर. आता स्वतःची गाडी भाड्यानं चालवायचा. बारा वाजून पाच मिनिटांनी गाडी घरासमोरून हलली. पुढे भाऊजी, मागे ताई आणि पायलट. मुलगी शाळेत होती. शाळा सुटली की शेजारच्या काकूंनी तिला घरी न्यायचं आणि सांगायचं, आईला आज नवं लिव्हर बसतंय.

ताईनं चांगली साडी नेसली होती. पिवळ्या डोळ्यांत काजळ घातलं होतं.

"ऑपरेशनला काजळ?" पायलट म्हणाला.

"आतल्या डॉक्टरांनी बघायला नको का, कुणाला कापतोय ते?" ती हसली. मग खिडकीबाहेर बघून म्हणाली, "अहो, विमानतळाचा फाटा मागे गेला."

उस्तादनं आरशातून मागे बघितलं.

"आपण दुसऱ्या विमानतळावर चाललोय," भाऊजी म्हणाले. "इथून आज विमान नाही."

"आज नाही?"

भाऊजी मागे वळले नाहीत. समोर बघतच म्हणाले, "तू बघितलं होतंस ना रे?"

प्रश्न पायलटला होता. भाऊजींचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"पान बघितलं होतं."

"कुठलं पान?"

"आपलंच. म्हणजे मीच केलेलं."

"ते तू कशावरून केलंस?"

"शीट असते. अंतर भागिले आठशे, अधिक अर्धा तास."

"म्हणजे विमान बघून नाही."

"नाही."

"मग एक तास अडतीस मिनिटांत कोण जातं?"

"कोणीच नाही," पायलट म्हणाला.

भाऊजींनी मान हळूहळू दोनदा हलवली, जणू एखादी गाडी रद्द झाल्याची नोंद घेत होते. थोड्या वेळानं ते स्वतःशीच म्हणाले, "मीपण खिडकीवर जाऊन विचारलं नाही. पंचवीस वर्षं लोकांना सांगतो, खिडकीवर विचारा म्हणून."

ताई पायलटकडे बघत होती. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. तिचा हात तापलेला आणि कोरडा होता, आणि पायलटला तो झटकून टाकावासा वाटला, कारण तो सहन होईना.

भाऊजींनी कोऑर्डिनेटर बाईला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"सहा वीस?" बाई म्हणाली. "पण माझ्यासमोर तुमचा फॉर्म आहे. चार तास तीन मिनिटं लिहिलंय तुम्ही."

"चूक झाली, मॅडम."

"चूक म्हणजे?" पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "तुम्ही निघालात ना? थांबू नका. मी सर्जनना विचारते."

दहा मिनिटांनी तिचा फोन आला. सर्जन साडेसहापर्यंत थांबायला तयार होते. त्यापुढे एक मिनिटही नाही. आणि यादीतला पुढचा पेशंटही त्यांनी बोलावून ठेवला होता. तो त्याच शहरातला, हॉस्पिटलपासून वीस मिनिटांवर.

"साडेसहा!" उस्तादनं स्टिअरिंगवर थाप मारली. "मिळाली की दहा मिनिटं. ताई, धरून बसा. बस चालवायचो तेव्हा इंजिनाला दट्ट्या होता, साठच्या वर पळूच द्यायचा नाही, आणि हे साहेब डेपोत बसून मिनिटं मोजायचे. आज दट्ट्याही नाही आणि साहेबही गाडीतच."

"सांभाळून मार," भाऊजी म्हणाले.

"सांभाळूनच मारतोय. बत्तीस वर्षांत कोंबडी नाही मारली."

"कोंबड्यांना विचारलं पाहिजे," ताई म्हणाली, आणि सगळेच हसले. जरा जास्तच हसले. त्या एका तासात, खरं सांगायचं तर, गाडीत आशा होती. रस्ता मोकळा होता. भाऊजी दर पाटीला हिशेब करायचे आणि मोठ्यानं सांगायचे. एकशे चाळीस राहिले, दोन तास पाच मिनिटं. एकशे दहा राहिले, पावणेदोन तास. ताईचे ओठ सुकले होते. तिनं दोनदा पाणी मागितलं, पायलटनं रुमाल ओला करून नुसता ओठांना लावला. तिनं तो चोखायचा प्रयत्न केला तेव्हा त्यानं ओढून घेतला.

"मेल्या," ती म्हणाली. "लहानपणी तुला तापात बर्फाचा गोळा दिला होता मी. बाबांचा मार खाल्ला होता त्यापायी."

दरम्यान कॉमाचा मेसेज आला. 'सर विचारतायत कुठे आहेस. मी सांगितलं घरी. पोचलात का?' त्यानं उत्तर दिलं नाही. पण फोन हातात होता, तेव्हा त्यानं ते पान उघडलं. का उघडलं कुणास ठाऊक. तसंच होतं. नऊशे बारा, एक तास अडतीस. तळाला, जिथे आधी ती ओळ असायची, तिथे आता दुसरंच काही होतं. 'दोनशे चौदा लोकांना ही माहिती उपयोगी वाटली.' त्यातला एक अंगठा भाऊजींचा असणार. ते असल्या गोष्टी इमानदारीनं करतात.

दोन वाजता नदी आली. पुलाचं काम चालू होतं. एकच बाजू सुरू, आधी समोरच्या गाड्या सोडणार, मग इकडच्या. पुढे ट्रकच ट्रक. उस्तादनं हॉर्न वाजवला, मग खाली उतरून धावत पुढे गेला. लाल झेंडा धरलेल्या माणसाला त्यानं हात जोडलेले लांबून दिसत होते. पेशंट आहे, सांगत असणार. झेंडेवाल्यानं गाडीकडे बघितलं, मग पुलाकडे हात केला. पुलावर समोरून गाड्या येतच होत्या. त्यांना काय तो उचलून नदीत टाकणार होता?

उस्ताद परत आला आणि दार लावून बसला. आता तो विनोद करत नव्हता.

भाऊजी घड्याळाकडे बघत होते. सात मिनिटं. बारा. ताईनं डोळे मिटले होते आणि ती पोटावर दोन्ही हात ठेवून सावकाश श्वास घेत होती. अठरा. पायलट गाडीतून उतरला, परत बसला. पंचवीस मिनिटांनी हिरवा झेंडा वर गेला. पलीकडे निघाल्यावरही तेच ट्रक पुढे, एकामागे एक, चढावर कण्हत. उस्तादनं पुढे घुसायला दोनदा गाडी बाहेर काढून बघितली, दोनदा समोरून बस आली. चढ संपून मोकळा, दुभाजक घातलेला मोठा रस्ता लागला तेव्हा तीन वाजायला वीस मिनिटं होती.

भाऊजी काही मोठ्यानं बोलेनात. पायलटनंच पाटी वाचली. विमानतळ, पंचाहत्तर. काउंटर बंद व्हायला पंचेचाळीस मिनिटं. त्यानं भागाकार केला. तेवढं तर त्याला येत होतं.

"उस्ताद, किती पळेल?"

"एकशे दहा दामटतोय बघ," उस्ताद म्हणाला. "पण शहरात शिरायचंय ना शेवटी. सिग्नल आहेत."

तेवढ्यात फोन वाजला. कोऑर्डिनेटर बाई. भाऊजींनी स्पीकर लावला.

"कुठे आहात? मला आत्ता सांगावं लागेल. सर्जन विचारतायत. तुमचं विमान नक्की मिळतंय का? मिळत असेल तर आम्ही थांबतो. नसेल तर दुसरे पेशंट खाली तयार आहेत, त्यांना घेतो. पण नक्की सांगा. तुम्ही हो म्हणालात आणि आला नाहीत, तर त्यांनाही उशीर होईल आणि लिव्हर फुकट जाईल."

पायलट दोन सीटच्या मधून पुढे झुकला. भाऊजींचा खांदा धरला. "हो म्हणा," तो पुटपुटला. "भाऊजी, हो म्हणा. पोचतो आपण. काउंटरवाल्यांच्या पाया पडू. मी पडतो. हो म्हणा."

भाऊजींनी घड्याळ बघितलं. मग बाहेर बघितलं. 

"हॅलो?" बाई म्हणाली.

"बहात्तर किलोमीटर राहिलेत," भाऊजी म्हणाले. "त्रेचाळीस मिनिटं आहेत. शेवटचे दहा किलोमीटर शहरातले." ते थांबले. "विमान मिळणार नाही, मॅडम."

बाई म्हणाली, "ठीक आहे. मी कळवते." मग हळू आवाजात, "तुमचं नाव यादीत आहेच. सॉरी."

फोन बंद झाला.

उस्तादनं पाय काढला. त्यानं काढला असं नाही, तो आपोआप निघाला असावा. गाडी एकशे दहावरून नव्वद, मग साठ. मागचा एक ट्रक हॉर्न मारत बाजूनं गेला. पायलटचा हात अजून भाऊजींच्या खांद्यावर होता. खांदा दगडासारखा झाला होता. त्यानं हात मागे घेतला.

कोण असेल तो दुसरा माणूस, त्याला वाटलं. वीस मिनिटांवर राहणारा. आत्ता त्याला स्ट्रेचरवर घेत असतील. त्याची बायको रडत असेल, बरं वाटून.

बऱ्याच वेळानं ताई बोलली. डोळे मिटलेलेच होते.

"एकदा खोटं बोलायचं होतं, हो," ती म्हणाली. "आख्ख्या आयुष्यात एकदा."

भाऊजींनी चष्मा काढला आणि तो पुसायला शर्टाचं टोक धरलं, आणि तसेच धरून बसले.

"मी आत्ता जिवंत आहे ना," ताई म्हणाली, "म्हणून म्हणतेय. तो माणूस कोण आहे मला काय माहीत? मला नाही त्याची काळजी. मला माझी काळजी आहे." तिचा आवाज फाटला. "मला अजून माझी खूप काळजी आहे हो."

पायलटनं तिला जवळ घ्यायचा प्रयत्न केला. तिनं कोपरानं त्याला दूर केलं. जोर नव्हता त्यात, पण तो दूर झाला. मघाशी तिनंच त्याच्या हातावर हात ठेवला होता, तेव्हा तिच्याकडे अजून द्यायला काहीतरी होतं.

"मी ते पान..." पायलट म्हणाला.

"तू बोलू नकोस," ताई म्हणाली. "आत्ता नको, छोट्या. मला तुझं ऐकून घ्यावं लागेल, आणि मग तुला समजावावं लागेल. नाही जमणार मला."

पायलट खिडकीकडे सरकला.

"साहेब," उस्ताद दबक्या आवाजात म्हणाला, "वळवायची ना?"

भाऊजींनी मान हलवली.

पण रस्त्याला दुभाजक होता. मधे गुडघाभर उंच काँक्रीट, सलग. उस्ताद कडेनं हळू चालवत फट शोधत होता. पाटी आली, पुढचं वळण अकरा किलोमीटर. मग अकरा किलोमीटर ते तसेच पुढे गेले, विमानतळाच्याच दिशेनं. बाजूनं गाड्या सुसाट जात होत्या, त्यांच्यापैकी कितीतरींना विमान मिळणार होतं. तीन वाजून गेले होते. वर आकाशात काही नव्हतं.

"पाणी दे," ताई म्हणाली. "आता दे. आता काय?"

पायलटनं बाटली दिली. ती घटाघटा प्यायली, हनुवटीवरून पाणी साडीवर सांडलं, तिला ठसका लागला, तरी तिनं बाटली सोडली नाही. काजळ गालावर आलं होतं. उस्तादनं इंडिकेटर लावला आणि गाडी वळणाला लागली.

परतीच्या वाटेवर पुलाच्या अलीकडे शेजारच्या काकूंच्या फोनवरून मुलीचा फोन आला. भाऊजींच्या हातात फोन वाजत राहिला. त्यांनी तो मागे धरला. पायलटनं घ्यायला हात पुढे केला, पण ताईनं त्याच्या आधी घेतला. एकदा घसा साफ केला.

"हां, बोल गं. शाळा सुटली?... नाही, नाही बसले विमानात... नाही झालं... नाही, दुखत नाहीये काही. ऑपरेशनच नाही झालं ना, दुखेल कसं?... आज नाही." ती ऐकत होती. "कधी ते नाही सांगितलं त्यांनी." पुन्हा ऐकत होती. "हो, घरीच येतेय. काकूंना सांग, वरण नको, साधा मऊ भात करून ठेवा म्हणावं. आणि तू जेवून घे. माझ्यासाठी थांबू नकोस."

तिनं फोन बंद केला आणि मांडीवर ठेवला. समोर पुलावर झेंडेवाला लाल झेंडा वर धरून उभा होता. या वेळीही त्यांचीच बाजू बंद होती. उस्तादनं गाडी रांगेत लावून इंजिन बंद केलं.

"किती वेळ लागेल?" भाऊजींनी विचारलं.

"काय माहीत," उस्ताद म्हणाला. "घाई कुठाय आता."